लोलो घरीच आहेत

पर्लिताला खोटं बोलता येत नाही, हे विनिपेगमधल्या तिच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. चर्चच्या जेवणात मनांग चिंगची पानसित खारट झाली, तर बाकीच्या बायका "झकास" म्हणत शेवया ताटाच्या कडेला सारायच्या आणि पर्लिता सरळ पाण्याचा जग मागायची. मनांग म्हणजे थोरली बहीण. नात्याची नसली तरी वयाचा मान म्हणून तसंच म्हणायचं. तर मनांग चिंग त्या दिवशी फुरंगटून बसायची आणि पुढच्या रविवारी मीठ पर्लिताकडूनच चाखवून घ्यायची. अशा बाईवर सरकारी कचेरीत खोटं बोलल्याचा आळ यावा, यावर कोणाचा विश्वास बसेना. खुद्द पर्लिताचं काय, तर तो आळ खरा की खोटा हेच तिला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

ती फिलिपिनी, इलोइलोकडची. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला कॅनडात आली, तेव्हा मुलगा जुनरिक कडेवर मावत होता. त्याला तिनं थोरल्या बहिणीच्या, सोलिंगच्या ओटीत घातलं. आता त्याचा आवाज फुटला होता आणि ओठावर मिसरूड आलं होतं, ते तिनं फोनच्या काचेवर पाहिलं. "काहीतरी काळं लागलंय तोंडाला, पूस," असं ती म्हणाली, तेव्हा सोलिंग इतकी हसली की फोन तिच्या हातून पडला. पर्लिता मात्र त्या रात्री नीट झोपली नाही. कायमच्या वास्तव्याचा अर्ज तिनं केव्हाच घातला होता. तो मंजूर झाला की जुनरिक इथं येणार, हे मायलेकात पक्कं ठरलेलं होतं. शाळा कुठली, पलंग कुठल्या खिडकीखाली, हेसुद्धा. फक्त अर्जाचा नंबर लागत नव्हता.

तोवर तिचा आधार म्हणजे ओरेस्ट नावाचे म्हातारे गृहस्थ. युक्रेनी माणूस, जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात राबलेला, बायको गेलेली, मुलगी डॅरिया दूर कॅल्गरीला. पर्लिता त्यांना लोलो म्हणायची, म्हणजे आजोबा. तिच्या कामाच्या परवान्यावर त्यांचंच नाव होतं. दुसऱ्या कोणाकडे काम करायची मुभा नव्हती. परवान्याची मुदत वसंतात संपली, पण तिनं वेळेत वाढीव मुदत मागितली होती. नियम असा की उत्तर येईपर्यंत राहा, काम करा, पण त्याच घरात आणि त्याच माणसाकडे. म्हणजे एका अर्जाच्या उत्तराची वाट बघत दुसऱ्या अर्जाच्या उत्तराची वाट बघायची. तळ्यात का मळ्यात, असं कोणी विचारलं असतं तर पर्लितानं दोन्ही पाय उचलून धरले असते.

लोलोंना दाढी करवून घ्यायची भारी हौस. रोज सकाळी खिडकीशी खुर्ची, गळ्यात टॉवेल, आणि फेस लावला की त्यांची बडबड सुरू. ऑगस्टातल्या एका सकाळी ते म्हणाले, "पर्ला, मी मेलो की लगेच पळायचं नाही हं."

"कुठं पळणार? परवाना तुमच्या नावाचा आहे. हनुवटी वर करा."

"चाळीस दिवस थांबायचं. या खिडकीत पाण्याचा पेला ठेवायचा आणि त्यावर पावाचा तुकडा. माझ्या आईनं माझ्या बापासाठी ठेवला होता. जीव चाळीस दिवस घरातच असतो, त्याला तहान लागते. डॅरिया हे करायची नाही. पोरगी गुणी आहे, पण तिला घर विकायची घाई असेल."

पर्लिताचा वस्तरा हवेतच राहिला. "लोलो, आमच्याकडेपण चाळीसच! आम्हीपण ताट मांडतो."

"काय सांगतेस! कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

जगाच्या दोन टोकांची ती दोन माणसं, एका गावची निघावीत तशी खूश झाली. तिनं शब्द दिला. दिला म्हणजे दिला. फेस भरलेल्या हातावर हात मारून.

सप्टेंबरात लोलो गेले, तेही दाढी करतानाच. एक गाल झाला होता. पर्लितानं मान हळूच सावरली, नाकाशी बोट धरलं आणि काय झालं ते ओळखलं. मग तिनं दुसरा गालही सावकाश पुरा केला, कोमट पाण्यानं चेहरा पुसला आणि त्यानंतर डॅरियाला फोन लावला. अर्धी दाढी घेऊन माणसानं कुठं जायचं?

मातीहून परतताना मनांग चिंग आणि तिचा नवरा रुडी तिला आधी कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. मयताहून थेट घरी जायचं नसतं, नाहीतर मेलेला मागोमाग येतो. "पण लोलो तर माझ्या आधीच घरी पोचले असतील," पर्लिता म्हणाली. त्यांनी कॉफी प्यायली.

डॅरिया म्हणाली, घर विकलं जाईपर्यंत राहा, थंडीत नळ गोठतात, कोणीतरी असलेलं बरं. ती कॅल्गरीला परत गेली आणि पर्लितानं खिडकीत पेला ठेवला. रोज सकाळी जुनं पाणी बागेत ओतायचं, नवं भरायचं, ताजा पाव ठेवायचा, संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायचं. टेबलावर लोलोंच्या जागी ताटली मांडायची. बीटचं सूप करायची सवय हाताला होतीच, तेही ती करायची आणि नंतर स्वतःच प्यायची. एकटं वाटत नव्हतं. उलट कधीकधी खुर्ची करकरली की ती आतून ओरडायची, "आले हं!" आणि मग आपलीच जीभ चावायची.

मयताच्या जेवणातच शेजारच्या बोहदाननं तिला गाठलं होतं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. "सोमवारपासून आमच्याकडे ये. वकिलाला सांगून तुझे कागद मी करून घेतो."

"येईन की. पण चाळिसावा झाल्यावर."

बोहदानही युक्रेनीच. त्यानं मान डोलावली, पण आईला चाळीस दिवस कोण उचलणार, तेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोन आठवड्यांनी त्यानं दुसरी बाई ठेवली.

आता कोणी म्हणेल, बाई एवढी साधी, पण कचेरीला कळवायला काय झालं होतं? तेही तिनं विचारलं होतं. मनांग चिंगकडे गेली होती. चिंग भाज्या चिरत होती, रुडी बसच्या फेऱ्या संपवून पाय पसरून बसला होता.

"मनांग, कळवू का गं, माझा मालक वारला म्हणून?"

"अगं इंदाय, पोरी, जीव अजून घरात आहे आणि तू नोकरी संपली म्हणून कळवणार? हाकलतेस का म्हाताऱ्याला? लाज बाळग. चाळिसावा होऊ दे, मग कळव."

"पण चिंग, म्हातारा पुरलाय," रुडी म्हणाला. "मी स्वतः खांदा दिला. जड होता."

"तू बोलू नकोस. स्वतःच्या बापाच्या चाळिसाव्याला मागच्या अंगणात पत्ते कुटत होतास."

"बाबांना पत्ते आवडायचे."

संपला विषय. पर्लिताला मनांगचं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, तिच्या मनात जे होतं तेच कोणीतरी मोठ्यानं बोललं. शिवाय तिच्या मते भिण्यासारखं काही नव्हतंच. कायमच्या वास्तव्याचा अर्ज रांगेत आहे, म्हणजे आपणही आहोत, असं ती धरून चालली होती. रांगेत उभं राहणं आणि घरात असणं या दोन निराळ्या गोष्टी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि नियम सांगणारे इतके, की एकाचं ऐकावं तर दुसरा खोटा पडायचा.

फोन आला तेव्हा ती पेलाच भरत होती. घरातला, भिंतीवरचा फोन. कचेरीतली बाई गोड बोलली. मुदतवाढीच्या अर्जाबद्दल थोडी चौकशी, म्हणाली.

"तुम्ही अजून श्री. ओरेस्ट यांचीच देखभाल करता?"

"हो."

"ते घरीच असतात?"

पर्लितानं खिडकीकडे पाहिलं. पावाचा कोपरा खाल्लेला होता. चिमणी असेल, नसेलही. "हो. घरीच आहेत."

"प्रकृती कशी आहे त्यांची?"

"आता काही त्रास नाही. शांत आहेत."

"छान. आभारी आहे."

फोन ठेवल्यावर पर्लिताला बरं वाटलं. कोणीतरी लोलोंची चौकशी केली होती, आणि अगदी नावानिशी. तिनं खिडकीशी जाऊन तसं सांगितलंसुद्धा.

चाळिसाव्याला घर भरलं. मनांग चिंग आली, रुडी आला, शेजारचे युक्रेनी म्हातारे आले, बोहदानही आला आणि तिची नजर चुकवत कोपऱ्यात उभा राहिला. एकीकडे जपमाळ, दुसरीकडे त्यांची लांबलचक गाणी. कोणाला कोणाचं कळत नव्हतं आणि कोणाचं काही अडतही नव्हतं. मग पर्लितानं खिडकी सताड उघडली. बाहेरचा गारठा आत आला. तिनं पेल्यातलं पाणी सफरचंदाच्या झाडाखाली ओतलं, ताटली धुतली, पुसली आणि कपाटात ठेवून दिली. त्या क्षणी मात्र ती मनापासून रडली. सप्टेंबरात तिला रडू आलं नव्हतं, ते सगळं आता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिला शब्द पाळून झाल्यावर, तिनं आपण होऊन कचेरीला फोन लावला. माझे मालक सप्टेंबरात वारले, काल चाळिसावा झाला, म्हणून आज कळवते आहे. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा आवाज म्हणाला, "बाई, ऑक्टोबरात तुम्ही आम्हाला सांगितलंत की ते घरी आहेत आणि शांत आहेत."

"हो," पर्लिता म्हणाली. "होते."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मुदतवाढ नाकारली गेली, कारण ज्याच्या नावावर मागितली तो माणूसच नव्हता. त्या दिवसापासून काम बंद. इथं राहायची परवानगीही संपली, ठरावीक मुदतीत नवा मालक शोधून सगळं पुन्हा मांडलं तर गोष्ट वेगळी. आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज? तो फेटाळला नव्हता. तो होता तिथंच होता, पण त्याला एक शेपूट लागलं होतं: अर्जदारानं खोटी माहिती दिली का, याची चौकशी. खोटं ठरलं तर अर्ज तर जाणारच, पुढची कैक वर्षं या देशाचं दारही बंद. जुनरिकचा पलंग कुठल्या खिडकीखाली, हा प्रश्नच मग उरत नव्हता.

घर विकलं गेलं. पर्लिता आपली बॅग घेऊन मनांग चिंगच्या तळघरात राहायला आली. तिथं सल्ल्यांना तोटा नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या. कोणी म्हणे गप्प बसून राहा, इथं अशी हजारो माणसं राहतात. कोणी म्हणे आजच विमानात बस, परत बोलावतील. पण देश सोडला तर अर्ज बुडाल्यातच जमा, आणि राहावं तर राहायला परवानगी नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

रुडीचा सल्ला सगळ्यांत सोपा होता. "चौकशीला गेलीस की म्हण, मला इंग्रजी नीट कळलं नाही. प्रश्नच समजला नाही. बस्स. आपल्या तोंडाकडे बघून ते लगेच पटतं त्यांना."

"पण मला कळलं होतं, मनोंग." रुडीला ती थोरल्या भावाचा मान द्यायची.

"अगं, तेच म्हणू नकोस."

"माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

"तेही म्हणू नकोस."

मनांग चिंग या वेळी नवऱ्याला काही बोलली नाही. तिला अपराधी वाटत होतं, आणि ते ती दाखवत होती जेवणातून. रोज पर्लिताच्या ताटात माशाचा मधला तुकडा यायचा. एकदा भात वाढता वाढता ती पुटपुटली, "मीच सांगितलं ना गं तुला थांबायला." पर्लिता म्हणाली, "मी थांबलेच असते, मनांग. शब्द दिला होता." आणि दोघी एका पातेल्याकडे बघत बसल्या.

आपण खोटं बोललो का? पर्लितानं हे स्वतःला इतक्या वेळा विचारलं की प्रश्न झिजून गेला. लोलो मेलेत हे तिला ठाऊक होतं. तिनंच त्यांचा गाल पुसला होता. लोलो घरी आहेत हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असायला इतके दिवस काही अडचण आली नव्हती. ती खरं बोलली, तर त्याला खोटं म्हणत होते. आता खोटं बोलली, तर त्याला खरं मानणार होते. मग अंथरुणात उठून बसायची आणि तिला वाटायचं, आपल्याला खरंच इंग्रजी येत नाही की काय.

चौकशी डिसेंबरात झाली. समोर एक दमलेली, चष्म्याआड डोळे चोळणारी अधिकारी बाई. तिनं फोनवरचं संभाषण वाचून दाखवलं. कागदावर ते फार वाईट ऐकू आलं.

"तुम्ही हे बोललात तेव्हा ते वारले आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही म्हणालात, घरी आहेत."

पर्लितानं सांगितलं. पेला, पाव, चाळीस दिवस, दिलेला शब्द. लोलोंच्या लोकांत असंच असतं आणि माझ्याही लोकांत असंच असतं. बाई ऐकत होती. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "मला वाटतं, तुम्हाला प्रश्न नीट समजला नसावा. असंच झालं ना?"

दार तिनंच उघडून धरलं होतं. एक 'हो' म्हटलं की झालं. आणि 'हो' म्हणणं पर्लिताच्या हाडीमांसी खिळलेलं. समोरचं मोठं माणूस काही म्हणालं की हो म्हणावं, असंच तिला आईनं वाढवलं होतं. तिला रुडी दिसला, जुनरिकचं मिसरूड दिसलं. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"नाही. प्रश्न समजला होता," ती म्हणाली. "तुमच्याकडे मेलेला माणूस लगेच जातो, हे मला ठाऊक नव्हतं."

बाईनं चष्मा काढला, परत लावला आणि बराच वेळ काहीबाही टंकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "चाळिसाव्या दिवशी तुमचं काम संपलं, असं तुम्ही म्हणता. मग त्यानंतर तुम्ही या देशात कोणत्या आधारावर राहता आहात?"

पर्लिता खिडकीकडे बघत राहिली. तिथं पेला नव्हता.

निकाल आला, तोही धड नाही. फसवणुकीचा हेतू दिसत नाही, म्हणून तो ठपका काढून टाकला. मनांग चिंगनं मेणबत्ती लावली. पण परवाना परत मिळाला नाही. मुदतीत नवा मालक कोणी मिळाला नव्हता. अर्ज रांगेत चालू, अर्जदार मात्र देशात बेकायदा. "म्हणजे कागद इथं राहू शकतो, मी नाही?" पर्लितानं रुडीला विचारलं. रुडीनं ते पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली. "तसंच दिसतंय," तो म्हणाला.

फेब्रुवारीत जुनरिकचा वाढदिवस आला. इथं बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत चढलेलं, तिकडे सगळे घामानं निथळलेले. पर्लिता तळघरात पलंगावर फोन घेऊन बसली. दरवर्षी फोन केककडे वळवलेला असायचा. या वेळी जुनरिकनं तो टेबलाच्या टोकाला टेकवून ठेवला, त्यामुळे सगळं टेबल दिसलं. आयुष्य लांब व्हावं म्हणून वाढदिवसाला करतात त्या पानसितचा डोंगर, भात, कोंबडी, सोलिंग, शेजारपाजार. आणि जुनरिकच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. खुर्चीपुढे ताट, चमचा, पाण्याचा पेला.

"ते ताट कुणाचं?"

"तुझं, नानाय," जुनरिक म्हणाला. "तिया सोलिंग दरवर्षी मांडते. तू येईपर्यंत मांडायचं म्हणते."

सोलिंग मागून म्हणाली, "अगं, तेवढंच वाटतं तू घरात आहेस. बरी आहेस ना?"

"हो गं. घरीच आहे. आता काही त्रास नाही," पर्लिता म्हणाली आणि थबकली. हे शब्द कुठले, ते तिला कळलं. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं. इतके महिने डोक्यात जो गुंता होता, त्यातलं एक टोक तरी हाताला लागलं. रांग कधी सरेल, परवाना मिळेल का, इथं राहायचं की निघायचं, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. पण ताट कुणासाठी मांडून ठेवतात, हे तिच्याइतकं त्या टेबलावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"जुनरिक, ते ताट पुढं ओढ."

"का?"

"ओढ म्हणते ना. त्यात पानसित वाढून घे आणि तूच जेव. पेल्यातलं पाणीही पी. माझं ताट मांडायला मी अजून मेले नाही. मी आले की माझ्या हातानं वाढून घेईन."

जुनरिकनं मावशीकडे पाहिलं, मग ताट पुढं ओढलं आणि शेवया वाढून घेतल्या. तो काट्यानं त्या कापायला लागला.

"तोडू नकोस," पर्लिता म्हणाली. "लांबच्या लांब खा."

मग तो शेवटची शेवई गिळेपर्यंत ती फोनवर बसून राहिली.